सापडले म्हणून सांगावे का?



रविवारची मिस्सा आटोपून मी चर्चच्या दारात उभा राहिलो की चारजण हात मिळवून पुढे जातात आणि पाचवा खिशातून मोबाईल काढतो. "फादर, हे पाहिलंत का?" मग कधी समुद्राच्या तळाचा एखादा विलक्षण मासा, कधी कुणा शास्त्रज्ञाचे वचन, कधी रोममधली म्हणे दडवून ठेवलेली एखादी गोष्ट. आणि कधी बारा जणांना पाठवली नाही तर संकट ओढवेल अशी धमकी देणारी प्रार्थना. (या शेवटच्या प्रकाराविषयी एवढेच सांगतो की ती प्रार्थना नव्हे, अंधश्रद्धा आहे. खुशाल पुसून टाका. मी आजवर कितीतरी पुसल्या आणि अजून तुमच्यासमोर उभा आहे.)

मात्र या मंडळींना हसण्याचा अधिकार मला नाही, कारण मीही त्यांच्यातलाच आहे. रात्रीचे जेवण झाले की प्रवचनासाठी एखादा संदर्भ शोधायला मी कॉम्प्युटरसमोर बसतो. साडेअकराला घड्याळाकडे पाहतो तेव्हा प्रवचनाचा कागद कोराच असतो आणि मी वाळवंटातल्या मुंग्यांविषयी वाचत असतो. त्या मुंग्या पावले मोजून घरी परततात म्हणे. हे सिद्ध करण्यासाठी शास्त्रज्ञांनी २००६ साली काही मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून पाय लांब केले. पाय लांब झालेल्या मुंग्या तेवढीच पावले टाकून वारुळाच्या पुढे निघून गेल्या! आता तुम्हीच सांगा, असे काही वाचल्यावर माणूस गप्प कसा बसेल? दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी ते आमच्या स्वयंपाक्याला सांगितले. तो म्हणाला, "फादर, मुंग्यांचं राहू द्या, साखरेच्या डब्यात झाल्यात त्यांचं काय करू?"

नवे काही सापडले की ते दुसऱ्याला सांगावेसे वाटणे हा दोष नाही. शुभवर्तमानात अशा माणसांची रेलचेल आहे. हरवलेले नाणे सापडलेली बाई शेजारणींना गोळा करते. याकोबाच्या विहिरीवर प्रभूला भेटलेली शमरोनी स्त्री आपली घागर तिथेच टाकून गावात धावते. बेथलेहेमचे मेंढपाळ गव्हाणीतले बाळ पाहून आले आणि जो भेटेल त्याला सांगत सुटले. शुभवर्तमान या शब्दातच सांगणे आहे. आनंद वाटला नाही तर तो आंबतो.

मला स्वतःला असा वाटलेला एक आनंद आठवतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये गॉडविट जातीचा, अवघ्या पाच महिन्यांचा एक पक्षी उत्तरेकडच्या अलास्कातून निघाला आणि वाटेत कुठेही न उतरता ११ दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर पोचला. सुमारे १३,५६० किलोमीटर. खाली सगळा पॅसिफिक महासागर. हा पोहणारा पक्षी नव्हे, त्यामुळे दमला म्हणून पाण्यावर टेकायची सोय नाही. त्याच्या अंगावर बसवलेल्या पाच ग्रॅमच्या यंत्रामुळे हे कळले. या जातीचे मोठे पक्षी बहुधा आधीच निघून गेलेले असतात, म्हणजे पिल्लाला वाट दाखवायलाही कोणी नाही. मुलांच्या मिस्सेत मी हे सांगितले. आपल्याकडे खाजणात हिवाळ्यात उतरणारे पाहुणे पक्षी मुलांनी पाहिलेले आहेत, त्यामुळे त्यांना ते दूरचे वाटले नाही. पुढच्या रविवारी एका मुलीने वहीच्या पानावर पक्ष्याचे चित्र काढून आणले. पोटाखाली निळा समुद्र आणि पक्ष्याच्या डोळ्यात एक टपोरा थेंब. "तो रडतो का?" मी विचारले. "नाही फादर, त्याला झोप आली आहे." ते चित्र अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

असे वाटणे चांगलेच आहे. पण माझ्या हातून दोन वेळा हेच काम चुकीचे झाले. एकदा खोटे वाटले म्हणून आणि एकदा खरे वाटूनसुद्धा. आज मला त्याविषयी लिहायचे आहे.

पहिली चूक तुमच्यापैकी अनेकांनी कानांनी ऐकलेली आहे. एका वर्गातील प्राध्यापक आणि विद्यार्थी यांची गोष्ट मी प्रवचनात सांगितली होती. प्राध्यापक म्हणतो की सर्व काही देवाने निर्माण केले असेल तर वाईटही त्यानेच निर्माण केले. विद्यार्थी उठून विचारतो, थंडी असते का? थंडी म्हणजे उष्णतेचा अभाव. अंधार असतो का? अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव. तसेच वाईट म्हणजे देवाचा अभाव. प्राध्यापक निरुत्तर होऊन खाली बसतो. तो विद्यार्थी कोण होता ठाऊक आहे? अल्बर्ट आइनस्टाईन! गोष्ट संपली तेव्हा चर्चमध्ये एक प्रकारची शांतता पसरली. प्रवचनकाराला ती शांतता फार गोड लागते.

मिस्सेनंतर अकरावीतला एक मुलगा अदबीने जवळ आला. म्हणाला, "फादर, ती गोष्ट खोटी आहे. आइनस्टाईनच्या बाबतीत असं काही घडलंच नव्हतं." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "बाळा, गोष्ट खोटी असेल, पण मुद्दा खरा आहे ना?" तो "हो फादर" म्हणून गेला. त्याचे समाधान झाले नव्हते, हे मला दिसले. पण दारात गर्दी होती.

मग रात्री शोधले. मुलाचे म्हणणे बरोबर होते. ही गोष्ट ई-मेलच्या काळापासून जगभर फिरते आहे. कधी विद्यार्थ्याला नाव नसते, कधी तो आइनस्टाईन असतो. आइनस्टाईनच्या चरित्रात तिला काही आधार नाही. लहानपणी तो म्युनिकमधील कॅथलिक शाळेत होता हे खरे, पण प्रौढ आइनस्टाईनने १९२९ साली एका यहुदी धर्मगुरूंच्या तारेला उत्तर देताना स्पष्ट कळवले होते की आपण स्पिनोझाच्या देवाला मानतो, म्हणजे सृष्टीच्या सुसंगतीत प्रकट होणाऱ्या देवाला. माणसांच्या सुखदुःखात लक्ष घालणाऱ्या देवाला नव्हे. म्हणजे जे तो मानत नव्हता ते मी त्याच्या तोंडी घातले, तेही वेदीजवळ उभे राहून. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे. मेलेल्या माणसाविरुद्ध दिलेली साक्ष तिच्यातून वगळलेली मला तरी कुठे दिसली नाही.

कोणी म्हणेल, फादर, एवढे काय त्यात? प्रभू येशूनेही दाखले सांगितलेच की. शमरोनी माणसाच्या दाखल्यातली उतारशाळा यरीहोच्या वाटेवर खरोखर होती का, याचा शोध कोणी घेत नाही. बरोबर आहे. पण दाखला ऐकणाऱ्याला तो दाखला आहे हे ठाऊक असते. दाखल्याचे वजन दाखल्यातच असते. माझ्या गोष्टीचे वजन कशात होते? आइनस्टाईनच्या नावात. त्या नावाशिवाय ती सांगायला मला स्वतःलाच फिकी वाटली असती. उसने, तेही न विचारता घेतलेले नाव वापरून मी तुमची मान डोलावून घेतली.

गमतीची, खरे तर लाजेची, गोष्ट पुढेच आहे. वाईट हे स्वतंत्र अशी वस्तू नसून चांगल्याची उणीव आहे, हा विचार आमच्या सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही घोकलेला होता. तो संत अगुस्तीन यांचा आहे. तरुणपणी ते सुमारे नऊ वर्षे मानी पंथाच्या नादी लागले होते. जगात प्रकाश आणि अंधार अशा दोन सत्ता झगडत आहेत असे तो पंथ मानी. त्यातून बाहेर पडताना अगुस्तीन यांना हा विचार सापडला. पदवी मिळवलेल्या मला तो विचार ओळखता आला नाही, कारण त्याने आइनस्टाईनचा कोट घातला होता!

आणि याच अगुस्तीन यांनी असत्याविषयी दोन स्वतंत्र पुस्तके लिहिली आहेत, एक इ.स. ३९५ च्या सुमारास आणि दुसरे सुमारे २५ वर्षांनी. दुसऱ्याचे कारण मोठे मजेदार आहे. स्पेनमध्ये प्रिसिलियन नावाच्या माणसाचा एक पाखंडी पंथ होता. त्याचे अनुयायी आपली मते लपवत आणि सर्रास खोटे बोलत. त्यांना पकडण्यासाठी काही उत्साही ख्रिस्ती लोकांनी युक्ती काढली की आपणही त्या पंथाचे आहोत असे सोंग करून आत शिरावे. धर्मासाठीच तर आहे, मग काय हरकत? अगुस्तीन यांनी ठाम नकार दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की सत्याच्या रक्षणासाठी खोटे बोलायचे ठरवले तर पुढे सत्य सांगताना आपल्यावर विश्वास कोणी आणि का ठेवावा? बिशपपदावरच्या माणसाला पडणारा हा अगदी व्यवहारी प्रश्न आहे. धर्मग्रामाच्या फादरलाही तो पडायला हवा. अकरावीतला तो मुलगा उद्या मी पुनरुत्थानाविषयी बोललो तर माझे ऐकेल का?

पण "मुद्दा खरा आहे ना" हे माझे उत्तर तरी खरे होते का? ते मला त्याच आठवड्यात कळले. गुरुवारी एक बाई पॅरिश ऑफिसमध्ये आल्या. त्यांचा मुलगा काही वर्षांपूर्वी पाण्यात बुडून गेला. त्या खुर्चीत बसल्या नाहीत. उभ्यानेच त्यांनी विचारले, "फादर, रविवारी तुम्ही म्हणालात वाईट म्हणजे देव नसणं. मग त्या दिवशी देव तिथे नव्हता का?"

या प्रश्नापुढे माझी सगळी सेमिनरी गळून पडली. कारण अगुस्तीन असे म्हणतच नाहीत. ते चांगल्याच्या उणिवेविषयी बोलतात, देवाच्या गैरहजेरीविषयी नाही. पुढे शाळामास्तरी पद्धतीने हे शिकवताना डोळ्यांचे उदाहरण देत. दगडाला दिसत नाही, ते दगडाचे दुःख नव्हे. माणसाच्या डोळ्याला दिसत नाही ती उणीव, कारण जिथे दृष्टी असायला हवी तिथे ती नाही. पण त्या आंधळ्या माणसाजवळ देव नाही असे कोणी ख्रिस्ती माणूस म्हणणार नाही. उलट आपला विश्वास असा की जिथे सगळ्यात जास्त उणीव दिसली, त्या क्रुसावरच देव होता. गोष्ट फॉरवर्ड होत होत इथपर्यंत येताना कुणीतरी एक शब्द बदलला. तो बदल टाळीसाठी चांगला होता. त्या बाईंच्या घरात तो सुरीसारखा शिरला.

मी त्यांना म्हणालो, "मी चुकीचं बोललो, देव तिथे होता." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. त्यांचे किती समाधान झाले ते मला सांगता येणार नाही. पुढच्या रविवारी मी प्रवचनाआधी चूक दुरुस्त केली. माझा अनुभव असा की दुरुस्तीला मूळ गोष्टीइतकी शांतता मिळत नाही. लोक खोकतात.

ही झाली खोट्याची गोष्ट. त्यानंतर मी ठरवले की शहानिशा केल्याशिवाय काही सांगायचे नाही. मला वाटले, प्रश्न सुटला. सुटला नव्हता.

शांतीचे साधन होण्याची विनवणी करणारी संत फ्रान्सिस यांची प्रार्थना आपणा सर्वांना पाठ आहे. आपण ती गातो, अंत्यविधीच्या वेळी म्हणतो, शाळेत लहान मुले म्हणतात. एका रात्री मला शोधता शोधता सापडले की ती संत फ्रान्सिस यांची नाहीच. या वेळी मी नीट पडताळून पाहिले. फ्रान्सिस ३ ऑक्टोबर १२२६ रोजी वारले. त्यांच्या जुन्या लेखनसंग्रहांत ही प्रार्थना कुठेही नाही. ती पहिल्यांदा छापलेली आढळते ती डिसेंबर १९१२ मध्ये, पॅरिसच्या 'ला क्लोशेत' म्हणजे 'छोटी घंटा' नावाच्या एका लहानशा धार्मिक मासिकात, मिस्सेच्या वेळी म्हणायची एक सुंदर प्रार्थना म्हणून. खाली कुणाचेही नाव नाही. ख्रिस्तियाँ रनू नावाच्या फ्रेंच इतिहासकाराने या सगळ्याचा माग काढून २००१ साली पुस्तकच लिहिले आहे.

हे वाचले तेव्हा मला जो आनंद झाला, त्याचे वर्णन करताना मला संकोच वाटतो. तो गॉडविट पक्ष्याच्या वेळचा आनंद नव्हता. सगळ्या धर्मग्रामाला जे ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे, असा तो आनंद होता. पोटात मावत नव्हता.

दोनच दिवसांनी एक आजी आल्या. हातात जुने, कडा मऊ पडलेले स्मृतिकार्ड. एका बाजूला पक्ष्यांशी बोलणारे संत फ्रान्सिस, दुसऱ्या बाजूला ती प्रार्थना आणि खाली त्यांच्या यजमानांचे नाव. दहाव्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेसाठी तसेच कार्ड पुन्हा छापायचे होते. मजकूर बरोबर आहे का, एवढे मी पाहून द्यावे ही त्यांची अपेक्षा. मी कार्ड हातात घेतले आणि म्हणालो, "आजी, एक गंमत सांगू? ही प्रार्थना संत फ्रान्सिसची नाहीच मुळी!" आणि सन, मासिक, पॅरिस सगळे त्यांना ऐकवले.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "शेवटची दोन वर्षं हे अंथरुणावर होते. रोज रात्री हात धरून आम्ही दोघं हीच म्हणायचो. मग इतके दिवस आम्ही कुणाची प्रार्थना म्हणत होतो, फादर?" त्यांनी कार्ड माझ्या हातून घेतले, पिशवीत ठेवले आणि "छपाईचं बघू नंतर" असे म्हणून त्या गेल्या.

मी काही खोटे बोललो नव्हतो. प्रत्येक शब्द तपासलेला होता. मग चुकले काय?

मी पुन्हा जुन्या वह्यांकडे वळलो. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात जाणून घेण्याच्या इच्छेचे दोन भाग केले आहेत. एक सद्गुण आणि एक दोष. आमच्या लॅटिनच्या सरांनी त्यांचे मराठी प्रतिशब्द फळ्यावर लिहून दिले नव्हते, पण मराठीत ते आयतेच आहेत. एक जिज्ञासा आणि दुसरा भोचकपणा. जिज्ञासेला संत थॉमस संयमाच्या घरात बसवतात, हे मला तेव्हा विचित्र वाटले होते. खाण्यापिण्याचा संयम समजतो, जाणण्याचा संयम कसला? आता रात्री साडेअकराला तो मला बरोबर समजतो. भोचकपणा कसा ओळखावा याचीही त्यांनी लक्षणे दिली आहेत. हातातले कर्तव्य सोडून दुसरेच काही जाणत बसणे, हे त्यातले एक. (प्रवचनाचा कोरा कागद!) आणि ज्ञान खरे असूनही ते अपायकारक होऊ शकते, असे म्हणताना ते संत पौलाचा आधार घेतात. मूर्तींना दाखवलेल्या नैवेद्याच्या वादात करिंथच्या काही शहाण्या मंडळींचे म्हणणे तत्त्वतः बरोबर होते, पण त्यांच्या त्या बरोबर असण्याने दुबळ्या भावाचा पाय घसरत होता. अशा ज्ञानाने माणूस नुसता फुगतो, उभारत काही नाही, असे पौलाचे म्हणणे.

संत अगुस्तीन तर स्वतःलाही सोडत नाहीत. आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या पुस्तकात ते कबूल करतात की सर्कशीतली कुत्र्या-सशाची शर्यत पाहायला आपण आता जात नाही, पण रानातून जाताना तेच दिसले तर मन तिकडे धावते. घरात बसले असता पाल माशा पकडताना किंवा कोळी जाळ्यात सावज गुंडाळताना दिसला तर ते पाहत राहतात. सोळाशे वर्षांपूर्वीचा एक बिशप पालीकडे टक लावून बसला आहे, हे वाचले की मला फार बरे वाटते. पण त्यांचे पुढचे म्हणणे मात्र मी सोयीस्करपणे विसरतो. पाहण्यात दोष नाही, त्या पाहण्यातून निर्मात्याची स्तुती करण्याकडे वळणेही होते. पण सुरुवात तिथून झालेली नसते, हे ते प्रांजळपणे मान्य करतात.

माझीही सुरुवात त्या आजींपासून झाली नव्हती. माझ्यापासून झाली होती. त्यांच्या हातातले कार्ड मला माझे ज्ञान ठेवायला मिळालेले एक टेबल वाटले.

एका ज्येष्ठ फादरांना मी ही हकिगत सांगितली. ते म्हणाले, "अरे, लोकांना कशाला सांगायचं असलं? त्यांच्या भक्तीला धक्का लागतो." त्यांचा हेतू चांगला होता, पण हे मला पटले नाही, अजूनही पटत नाही. आम्हा शिकलेल्यांना सत्य पचते आणि भाविकांना पचत नाही, असे मानणे म्हणजे भाविकांचा अपमान आहे. शिवाय आज ते लपवून राहणार कसे? आजींच्या नातवाच्या खिशात तेच इंटरनेट आहे. तो एक दिवस घरात येऊन ओरडून सांगेल, आणि मग आजी विचारतील, फादरांना हे ठाऊक नव्हते की ठाऊक असून त्यांनी मला लहान मुलासारखे वागवले? सांगणे चुकीचे नव्हते. मी अर्धेच सांगितले, ही चूक होती.

हे अर्धे कोणते, त्याचा मी विचार करत राहिलो. इंटरनेटवर "तुम्ही आजवर समजत होता ते चूक आहे" एवढाच भाग वेगाने पळतो. पाडण्याचा भाग. कारण तो सांगायला एक ओळ पुरते आणि सांगणारा लगेच उंच होतो. मूळ लेखात पुढे बरेच काही होते आणि तेही मी वाचले होते. पण आजींना सांगताना पाडण्यापाशीच थांबलो, कारण माझी गंमत तिथेच संपली होती.

मेंढपाळांनी सगळ्यांना सांगितले असे लूक लिहितो आणि लगेच पुढे लिहितो की मरियेने या सर्व गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांचे मनन केले. दोन्ही एकाच गव्हाणीपाशी, एकाच रात्री. मेंढपाळ चुकले असे लूक म्हणत नाही. पण मरियेकडे सांगण्यासारखे सगळ्यात जास्त होते आणि तिने ते आधी आत ठेवले, हे मला त्या दिवसांत पुन्हा पुन्हा आठवत होते. याच लूकने प्रेषितांच्या कृत्यांत अथेन्सकरांविषयी लिहिले आहे की नवीन काही सांगणे किंवा ऐकणे याखेरीज त्यांचा वेळ दुसऱ्या कशात जात नसे. तेही आपल्याला ओळखीचेच वाटतात.

एका संध्याकाळी मी आजींच्या घरी गेलो. त्यांनी माडीवरून सुनेला हाक मारली, चहा झाला. मी म्हणालो, "आजी, त्या दिवशी मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. आता पुरी ऐका."

मी सांगितले की ज्या मासिकात ती प्रार्थना छापली ते काही मोठे मासिक नव्हते. आपल्या या रविवारच्या पत्रिकेसारखेच, मिस्सेला येणाऱ्या साध्या माणसांसाठी काढलेले. ज्याने किंवा जिने ती लिहिली त्याने नाव घातले नाही. दोन वर्षांच्या आत पहिले महायुद्ध सुरू झाले. त्या युद्धात फ्रान्समधील एका सरदाराने ती पोप बेनेडिक्ट पंधरावे यांच्याकडे पाठवली आणि जानेवारी १९१६ मध्ये व्हॅटिकनच्या वृत्तपत्रात ती छापली गेली, जेव्हा खंदकांत रोज माणसे मरत होती. पुढे एका फ्रान्सिस्कन फादरांनी संत फ्रान्सिस यांच्या चित्राच्या कार्डामागे ती छापली. त्यांनी ती फ्रान्सिस यांची आहे असे म्हटले नव्हते. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला प्रार्थना, बस्स. हळूहळू लोकांनी दोन्ही बाजू जोडल्या. १९२७ पर्यंत फ्रान्समध्ये ती त्यांच्या नावावर झालेली दिसते, तीही युद्धानंतर शांतीसाठी झटणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळींच्या हातून. १९७९ च्या डिसेंबरात मदर तेरेसा नोबेल पारितोषिक घ्यायला ऑस्लोला गेल्या, तेव्हा भाषणाआधी त्यांनी सभागृहातल्या सगळ्यांना हीच प्रार्थना म्हणायला लावली.

आजींनी पिशवीतून कार्ड काढले होते. त्या एकदा चित्राची बाजू पाहत, एकदा मजकुराची. "म्हणजे हे असंच कार्ड होतं?" त्यांनी विचारले.

"असंच असावं. मागेपुढे."

"मग लोकांचं तरी काय चुकलं," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा तेच केलं." थोड्या वेळाने पुन्हा, "आणि लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही?"

"नाही."

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. मी निघालो. कार्ड छापायचे की नाही, हा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

गेल्या सोमवारी त्या ऑफिसात आल्या. वर्षश्राद्धाची मिस्सा आधीच नोंदवलेली होती, म्हणून मी विचारले, "आता काय आणलंत आजी?" त्यांनी रुमालाची गाठ सोडून पैसे टेबलावर ठेवले. "अजून एक मिस्सा लिहा, फादर. ज्यानं ती प्रार्थना लिहिली त्याच्या आत्म्यासाठी. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, मग त्याच्यासाठी मिस्सा कोण घालत असणार?"

मिस्साच्या नोंदवहीत नावासाठी एक रकाना असतो. तो कसा भरावा, हे मी त्यांनाच विचारले. त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं नाव आहे ना वरच्या ओळीत? त्याच्या खाली नुसतं लिहा, आणि त्यांची प्रार्थना लिहिणारा."

तसे लिहिले आहे. स्मृतिकार्डेही छापून आली आहेत, पुढे संत फ्रान्सिस, मागे प्रार्थना, खाली फक्त आजोबांचे नाव. ज्यांना हवी असतील त्यांनी आजींकडून मागून घ्यावीत. प्रार्थना लिहिणाऱ्यासाठीची मिस्सा येत्या शुक्रवारी सकाळी साडेसहाला आहे.